खूण पटेपर्यंत : कथांमधील सारखे चेहरे आणि चुकलेली ओळख

हुबेहूब दिसणारी दोन माणसे आणि त्यांच्यामुळे उडणारा घोटाळा हे कथेचे फार जुने बीज आहे. ‘एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा’ असे मराठीत ज्या जोडीविषयी म्हणतात, ती जोडी महाकाव्यांत आहे, रोमन प्रहसनांत आहे, एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांत आहे आणि हिंदी चित्रपटांच्या डबल रोलमध्येही आहे. कधी हे सारखेपण जन्माने आलेले असते, कधी मायेने किंवा वेशांतराने घडवलेले असते. कधी तर चेहऱ्यात काहीच साम्य नसते आणि तरीही एकाला दुसरा समजले जाते.

रोजच्या व्यवहारात माणूस चेहऱ्यावरून ओळखला जातो. ही सवय इतकी मुरलेली असते की चेहरा म्हणजेच माणूस असे वाटू लागते. सारख्या चेहऱ्यांची कथा नेमका हाच आधार काढून घेते. चेहरा निरुपयोगी ठरला की दुसरी खूण शोधावी लागते: गळ्यातली माळ, अंगावरचा व्रण, दोघांनाच ठाऊक असलेली आठवण, बोटाचा ठसा किंवा माणसाचे वागणे. मराठीत ‘ओळख पटणे’ आणि ‘खूण पटणे’ हे शब्दप्रयोग इतक्या जवळ आले आहेत ते याच कारणाने. कोणत्या कथेत कोणती खूण पटते हे पाहिले, की त्या कथेने माणसाची ओळख कशात मानली ते समजते.

माळ, घाम आणि सावली

वाल्मीकी रामायणाच्या किष्किंधाकांडात वाली आणि सुग्रीव यांचे पहिले द्वंद्व होते, तेव्हा राम बाण सोडतच नाही. सुग्रीव मार खाऊन, रक्तबंबाळ होऊन ऋष्यमूक पर्वताकडे पळतो आणि रामाला जाब विचारतो. रामाचे उत्तर सरळ आहे: दोघांचे अंग, चाल, आवाज, नजर, सारे इतके सारखे होते की बाण कोणाला लागेल याची खात्री नव्हती. मग लक्ष्मण फुललेली गजपुष्पीची वेल तोडतो आणि सुग्रीवाच्या गळ्यात घालतो. दुसऱ्या द्वंद्वात त्या वेलीमुळे बाणाला लक्ष्य सापडते. येथे खूण बाहेरून लावलेली आहे. सारख्या दिसणाऱ्यांतून माणूस निवडण्याचा हा सर्वांत साधा उपाय, आणि एका फुललेल्या वेलीवर दोन भावांचे जीवनमरण अवलंबून राहते.

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात पेच अधिक खोल आहे. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव नळाचेच रूप घेऊन बसतात. दमयंती वरमाला घेऊन येते, तेव्हा तिच्यासमोर पाच नळ असतात. देवांची लक्षणे तिने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असतात, पण त्या पाचांपैकी एकावरही ती दिसत नाहीत. शेवटी ती देवांनाच शरण जाते: आपण मनाने नळालाच वरले आहे, या सत्याच्या बळावर त्यांनी आपले खरे रूप दाखवावे. देव तिचे ऐकतात. मग तिला दिसते की चौघांना घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांच्या माळा टवटवीत आहेत, अंगावर धूळ नाही आणि पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याची माळ कोमेजली आहे, अंगावर घाम आणि धूळ आहे, पापण्या लवतात आणि त्याची सावली पडते. दमयंती त्याच्याच गळ्यात माळ घालते. देवत्वाच्या खुणा निर्दोष आहेत, तर माणसाची खूण त्याच्या उणेपणात आहे, आणि दमयंतीला तो उणेपणाच हवा आहे.

बाराव्या शतकातील श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरित’ या महाकाव्यात याच प्रसंगाला भाषेचे नवे वळण मिळते. सरस्वती दमयंतीला एकेकाची ओळख करून देते ती श्लेषांतून. प्रत्येक वर्णन एका अर्थाने देवाला लागू पडते आणि दुसऱ्या अर्थाने नळाला, म्हणजे चेहऱ्यांप्रमाणे शब्दही तोतये होतात. याच काव्याच्या आधाराने रघुनाथ पंडितांनी मराठीत ‘नलदमयंतीस्वयंवराख्यान’ रचले आणि पाच नळांची ही सभा मराठी श्रोत्यांपर्यंत पोचली.

वनपर्वातच सुकन्येची कथा येते. तिचे वृद्ध पती च्यवन ऋषी आणि दोघे अश्विनीकुमार सरोवरात बुडी मारतात आणि तिघेही एकाच रूपाचे तरुण होऊन बाहेर येतात. येथे घाम नाही, सावली नाही, बाहेरची कोणतीच खूण नाही. सुकन्या मनाने आणि बुद्धीने निश्चय करून पतीलाच निवडते. गजपुष्पीपासून सुकन्येपर्यंत खूण अशी बाहेरून आत सरकत जाते.

ग्रीक परंपरेत ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त ओळख पटण्याच्या प्रसंगाला नाट्यरचनेचे महत्त्वाचे अंग मानले आणि त्याचे प्रकार लावले. व्रणासारख्या खुणेवरून पटलेली ओळख त्याला कलेच्या दृष्टीने सर्वांत खालची वाटते, तर घटनांच्या ओघातून आपोआप उलगडलेली ओळख सर्वांत वरची. होमरच्या ‘ओडिसी’त दोन्ही पातळ्या आहेत. भिकाऱ्याच्या वेशात घरी परतलेल्या ओडिसियसला म्हातारी दाई पाय धुताना मांडीजवळच्या जुन्या व्रणावरून ओळखते. पत्नी पेनेलपीला मात्र तेवढ्याने भागत नाही. ती त्याच्यादेखत दासीला पलंग बाहेर हलवायला सांगते. तो पलंग जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या खोडातून घडवलेला आहे आणि हलवता येणार नाही, हे फक्त पतीला ठाऊक असते. त्याचा संताप हीच तिच्यासाठी खूण ठरते. कालिदासाने तर ‘अभिज्ञान’, म्हणजे ओळखीची खूण, हा शब्द थेट आपल्या नाटकाच्या नावातच घातला.

प्रेक्षकांना ठाऊक, पात्रांना नाही

रंगभूमीवर सारख्या चेहऱ्यांचा उपयोग मुख्यतः हसवण्यासाठी झाला, आणि त्याची घडी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपास रोममध्ये प्लॉटस या नाटककाराने बसवली. त्याच्या ‘मेनेक्मी’ या प्रहसनात लहानपणी ताटातूट झालेल्या जुळ्या भावांपैकी एक दुसऱ्याच्या शोधात त्याच्याच गावी येतो. दोघांचे नाव एकच कसे, या अडचणीचे उत्तर प्लॉटसने आधीच देऊन ठेवले आहे: एक नातू हरवल्यावर आजोबांनी त्याचे नाव उरलेल्याला दिले. सारखा चेहरा आणि सारखे नाव जमून आले की गावातला प्रत्येक माणूस चुकीच्या भावाशी बोलतो.

प्लॉटसच्याच ‘ॲम्फिट्रुओ’ या नाटकात ज्युपिटर हा देव युद्धावर गेलेल्या सेनापतीचे रूप घेऊन त्याच्या पत्नीकडे येतो आणि मर्क्युरी त्या सेनापतीच्या सोसिया नावाच्या गुलामाचे रूप घेऊन दाराशी राखण करतो. सुरुवातीलाच मर्क्युरी प्रेक्षकांना सांगून टाकतो की आपल्या टोपीला छोटे पंख असतील आणि ज्युपिटरच्या टोपीला सोनेरी गोंडा, पण या खुणा घरातल्या कोणाला दिसणार नाहीत. गजपुष्पीची वेल रामासाठी होती, हे पंख आणि गोंडा प्रेक्षकांसाठी आहेत.

पुढचा प्रसंग सगळ्या परंपरेचा नमुना ठरला. खरा सोसिया रात्री घरी येतो, तर दारात दुसरा सोसिया उभा. मार खाऊनही तो आपले म्हणणे सोडत नाही आणि शेवटचा उपाय म्हणून एक प्रश्न टाकतो: लढाई चालू असताना तंबूत मी एकटा काय करत होतो? मर्क्युरी उत्तर देतो: दारू पीत होतास. हे दुसऱ्या कोणालाही माहीत असणे शक्य नव्हते. चेहरा गेला, नाव गेले, आता आठवणही गेली, आणि सोसियाला आपण नक्की कोण असा खराच प्रश्न पडतो. मोलिएरने 1668 मध्ये याच कथेवर ‘आंफित्रियाँ’ हे नाटक लिहिले. फ्रेंच भाषेत हुबेहूब दिसणाऱ्या माणसाला आजही या गुलामाच्या नावावरून ‘सोझी’ म्हणतात.

शेक्सपिअरने ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये प्लॉटसची ही दोन नाटके एकत्र केली. जुळ्या मालकांच्या जोडीला त्याने जुळे नोकरही दिले, त्यामुळे घोटाळ्यांची संख्या कितीतरी वाढली. या नाटकाचा एक प्रयोग 28 डिसेंबर 1594 रोजी लंडनमधील ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत झाल्याची नोंद आहे. नाटकाचे यंत्र एका सोनसाखळीभोवती फिरते. सोनार ती एफिससच्या अँटिफोलसने सांगितली म्हणून घडवतो, पण देतो सिराक्यूजहून आलेल्या त्याच्या भावाला. पैसे मागतो ते मात्र पहिल्याकडे. पहिला म्हणतो, साखळी मिळालीच नाही. सोनार म्हणतो, मी माझ्या हाताने दिली. दोघेही शब्दशः खरे बोलत असतात आणि तरीही एकाला अटक होते. या प्रकारच्या नाटकाचे बळ येथेच आहे: कोणीही खोटे बोलत नाही, फक्त प्रत्येकाला अर्धेच माहीत असते. संपूर्ण माहिती असते ती प्रेक्षकांना, आणि तेच हसू शकतात.

मात्र या हसण्याच्या कडेला शेक्सपिअरने मृत्यू उभा केला आहे. जुळ्यांचा बाप परक्या शहरात पकडला गेला आहे आणि दंड भरला नाही तर संध्याकाळी त्याचा शिरच्छेद होणार आहे. शेवटी दोन्ही जोड्या एकाच वेळी रंगमंचावर येतात तेव्हा घोटाळा सुटतो, बापाचा जीव वाचतो आणि हरवलेली आईही सापडते. शेक्सपिअर स्वतः जुळ्यांचा बाप होता. त्याच्या हॅम्नेट आणि ज्युडिथ या जुळ्या मुलांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1585 मध्ये झाला, आणि हॅम्नेट 1596 मध्ये वारला. त्यानंतर काही वर्षांनी आलेल्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये भाऊबहिणीची जुळी जोडी आहे. जहाज फुटून बुडाला असे समजलेला भाऊ शेवटी बहिणीसमोर जिवंत उभा राहतो.

भारतात या नाटकाला मोठी संतती लाभली. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी 1869 मध्ये ‘भ्रांतिविलास’ या नावाने त्याचे बंगाली गद्य रूपांतर केले. त्यावर 1963 मध्ये उत्तमकुमारचा बंगाली चित्रपट आला, 1968 मध्ये किशोरकुमारचा हिंदी ‘दो दूनी चार’ आला आणि 1982 मध्ये गुलजारांचा ‘अंगूर’. ‘अंगूर’मध्ये दोन अशोक आणि दोन बहादूर आहेत, संजीवकुमार आणि देवेन वर्मा यांनी साकारलेले. रोमहून इंग्लंडमार्गे आलेला सांगाडा भारतीय घरात इतका चपखल बसला, कारण घोटाळा घडवायला राजवाडा लागत नाही. जेवणाचे ताट, दागिना आणि दाराची कडी एवढे पुरते.

चेहरा वेगळा, तरी घोटाळा

संस्कृत नाटककारांनी जुळ्यांचा फारसा आधार न घेता पोशाख, अंधार आणि वाहन यांतून ओळख चुकवली. सातव्या शतकातील हर्षाच्या ‘रत्नावली’ या नाटिकेच्या तिसऱ्या अंकात ही कारागिरी दिसते. राजा उदयनाचे सागरिकेवर प्रेम जडले आहे. तिने राणी वासवदत्तेचा वेश करून राजाला भेटावे असा बेत ठरतो. बेताचा सुगावा राणीला लागतो आणि ठरलेल्या जागी ती स्वतःच जाऊन उभी राहते. राजा तिला वेश बदललेली सागरिका समजून प्रेमाचे बोलू लागतो. राणी तोंडावरचे वस्त्र बाजूला करते आणि रागाने निघून जाते. थोड्या वेळाने राणीच्याच वेशातली सागरिका निराश होऊन वेलीचा फास लावून घेऊ लागते. आता राजाला वाटते, राणीच प्राण देते आहे. तो धावतो, सोडवतो आणि पाहतो तर सागरिका. एकाच पोशाखाने एकाच रात्री एकाच माणसाला दोन उलट दिशांनी फसवले आहे. शेवटी ही सागरिका म्हणजे सिंहलची राजकन्या आहे हे सिद्ध होते ते तिच्या गळ्यातील रत्नमालेवरून. नाटिकेचे नाव त्या खुणेवरूनच आले आहे.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त चुकते ती गाडी. चारुदत्ताचा गाडीवान बैठक घरी विसरला म्हणून ती आणायला परत जातो. तेवढ्यात रस्त्यावर खेड्यातल्या गाड्यांची दाटी झाल्यामुळे दुष्ट शकाराची गाडी नेमकी त्याच दाराशी थांबते. वसंतसेना तिला चारुदत्ताची गाडी समजून आत बसते. मागाहून आलेल्या चारुदत्ताच्या गाडीत तुरुंगातून पळालेला आर्यक चढतो. गाड्यांच्या या अदलाबदलीतून एकीकडे वसंतसेनेचा गळा आवळला जातो आणि चारुदत्त सुळावर जाण्याची वेळ येते, दुसरीकडे आर्यक वाचतो आणि राज्य उलथते. विसरलेल्या एका बैठकीवर एवढे सारे उभे करण्याची शूद्रकाची हिंमत आजही थक्क करते.

गोगोलच्या 1836 च्या ‘इन्स्पेक्टर जनरल’ या रशियन नाटकात तर वेशाचीही गरज उरत नाही. छोट्या गावातले लाचखाऊ अधिकारी तपासणी अधिकाऱ्याची वाट पाहत धास्तावलेले असतात आणि खाणावळीत अडकलेल्या एका कफल्लक तरुणाला तोच अधिकारी समजतात. चूक त्याच्या चेहऱ्यात नाही, त्यांच्या भीतीत आहे. पु. ल. देशपांडे यांनी ‘अंमलदार’ या नावाने या नाटकाचे मराठी रूपांतर केले. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्येही, ज्याचे मूळ मोलिएरच्या 1660 च्या ‘स्गानारेल’पर्यंत जाते, माणसे ओळखीची असतात आणि चुकतात ते त्यांच्यातल्या नात्यांविषयीचे अंदाज.

तोतया

प्रहसनात दोघांपैकी कोणीही फसवत नसतो. एकाने जाणूनबुजून दुसऱ्याची जागा घेतली की तोतयाची कथा सुरू होते. या कथांच्या मागे बहुधा खरा इतिहास असतो.

फ्रान्समधील आर्तिगा या खेड्यातून मार्टिन गेर हा शेतकरी 1548 मध्ये घर सोडून गेला. आठ वर्षांनी, 1556 मध्ये, तो परतला असे सगळ्यांना वाटले. गावकऱ्यांची नावे, जुन्या घटना, घरातल्या खाणाखुणा त्याला ठाऊक होत्या. पत्नी बर्त्रांदने त्याला स्वीकारले आणि तीनएक वर्षे संसार झाला. मग मालमत्तेवरून चुलत्याशी वाद पेटला आणि प्रकरण न्यायालयात गेले. दीडशेच्या आसपास साक्षीदार तपासले गेले. काही म्हणाले हाच मार्टिन, काही म्हणाले हा तोतया, आणि मोठ्या संख्येने लोक म्हणाले की सांगता येत नाही. गावच्या चांभाराने साक्ष दिली की मार्टिनच्या पायाचे माप या माणसाच्या पायाहून मोठे होते. 1560 मध्ये तुलूझच्या न्यायालयात निकाल त्याच्या बाजूने झुकत असतानाच लाकडी पायाचा एक माणूस दारात आला. तो खरा मार्टिन होता. आर्नो द्यु तील या तोतयाला आर्तिगातच फाशी दिली गेली. खटल्यातील न्यायाधीश जाँ द कोरास यांनी त्यावर पुस्तक लिहिले. 1982 मध्ये फ्रेंच चित्रपट आला आणि 1983 मध्ये इतिहासकार नताली झेमन डेव्हिस यांचे अभ्यासपूर्ण पुस्तक. या कथेची पकड सुटत नाही याचे कारण बर्त्रांद आहे. तिने खरेच ओळखले नव्हते, की ओळखून गप्प राहिली, हा प्रश्न प्रत्येक लेखकाला नव्याने सोडवावा लागतो.

मराठी इतिहासातही तोतया हा शब्द एका विशिष्ट माणसाची आठवण करून देतो. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते वाचले असावेत अशी आशा अनेकांनी सोडली नव्हती. काही वर्षांनी भाऊसाहेब म्हणवणारा एक माणूस पुढे आला. चौकशीत तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. कैदेतून सुटल्यावर त्याने कोकणात फौज जमवली, काही काळ किल्लेही त्याच्या हाती आले, आणि 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच घटनेवरचे आहे. पानिपतासारख्या संहारानंतर घरोघर माणसे परत येण्याची वाट पाहिली जात होती. तोतयाला बळ मिळाले ते त्याच्या चेहऱ्यामुळे नव्हे, या वाट पाहण्यामुळे.

बंगालमधील भवालचा खटला याहून गुंतागुंतीचा. ढाक्याजवळच्या या जमीनदारीचे मधले कुमार 1909 मध्ये दार्जिलिंगला वारले असे जाहीर झाले. बारा वर्षांनंतर एका संन्याशाला अनेकांनी तेच कुमार म्हणून ओळखले. शेकडो साक्षी झाल्या, अंगावरच्या खुणा एकेक करून ताडल्या गेल्या. 1936 मध्ये ढाक्याच्या न्यायालयाने संन्याशाच्या बाजूने निकाल दिला आणि 1946 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो कायम केला. त्यानंतर काही दिवसांतच तो वारला. 1975 चा ‘संन्यासी राजा’ हा बंगाली चित्रपट या प्रकरणावर बेतलेला आहे.

कादंबरीतील जोड्या

एकोणिसाव्या शतकातील कादंबरीकारांनी सारख्या चेहऱ्यांना न्यायालय, वारसा आणि कागदपत्रे यांच्या जगात आणले. चार्ल्स डिकन्सच्या 1859 च्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मध्ये चार्ल्स डार्ने आणि सिडनी कार्टन यांच्यातील साम्य कथेच्या दोन टोकांना वापरले आहे. सुरुवातीला लंडनच्या न्यायालयात डार्नेवर देशद्रोहाचा खटला चालू असतो. एक साक्षीदार त्याला ठामपणे ओळखतो. तेव्हा कार्टन वकिलाकडे चिठ्ठी टाकतो, डोक्यावरचा वकिली टोप उतरवतो, आणि साक्षीदाराला विचारले जाते की समोरच्या दोघांतील फरक सांग. साक्ष तेथेच मोडते. शेवटी क्रांतीच्या काळातील पॅरिसमध्ये डार्नेला गिलोटिनची शिक्षा होते आणि कार्टन कोठडीत त्याची जागा घेतो. पहारेकऱ्यांना फरक कळत नाही. कळतो तो एका गरीब शिवणकाम करणाऱ्या मुलीला. डार्नेला तिने आधीच्या तुरुंगात पाहिलेले असते. जवळ येऊन या माणसाचा चेहरा पाहताच ती ओळखते की हा तो नव्हे, आणि हळूच विचारते की तुम्ही त्याच्यासाठी मरता आहात का. पूर्ण कादंबरीत चेहऱ्याने सर्वांना फसवले, पण जिला धीराचा हात हवा होता तिने पाहताक्षणी माणूस ओळखला.

डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकाच्या ज्या अंकात, 26 नोव्हेंबर 1859 रोजी, ही कादंबरी संपली, त्याच अंकात विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ सुरू झाली, आणि तिचाही कणा सारखे चेहरेच आहेत. वारसदार लॉरा हिला तिच्यासारख्या दिसणाऱ्या ॲनच्या नावाने वेड्यांच्या इस्पितळात डांबले जाते आणि मरण पावलेली ॲन लॉराच्या नावाने पुरली जाते. लॉरा जिवंत आहे, पण कायद्याच्या लेखी तिची कबर आहे. तिची ओळख परत मिळते ती तारखांच्या ताळ्यावरून: जिच्या मृत्यूची नोंद झाली, तिचा प्रवास त्या नोंदीनंतरच्या दिवशी झालेला निघतो. नवऱ्याच्या ताब्यात असलेल्या स्त्रीचे नावसुद्धा तिचे राहत नसे, ही त्या काळची वस्तुस्थिती कॉलिन्सने या अदलाबदलीतून वाचकांपुढे ठेवली.

मार्क ट्वेनच्या ‘द प्रिन्स अँड द पॉपर’मध्ये (1881) राजपुत्र एडवर्ड आणि भिकाऱ्याचा मुलगा टॉम कपडे बदलतात आणि दोघांनाही दुसऱ्याच्या जगात ढकलले जाते. राज्याची मोठी मोहोर कोठे ठेवली ते फक्त खऱ्या राजपुत्राला आठवते. टॉम त्या वस्तूने आक्रोड फोडत बसलेला असतो. अँटनी होपच्या ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’मध्ये (1894) इंग्लंडमधून आलेला एक प्रवासी एका काल्पनिक देशाच्या राजाच्या जागी बसतो आणि मूळ राजापेक्षा चांगला राज्यकारभार करतो. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी तिला ‘झिंदेर बंदी’ हे बंगाली रूप दिले. राजाची गादी त्याच्या रक्तावर उभी असते की वागण्यावर, असा प्रश्न दोन्ही कथांत येतो आणि दोन्ही लेखकांचा कल वागण्याकडे आहे.

आपलाच दुसरा

जर्मन लेखक जाँ पाउल याने 1796 च्या सुमारास ‘डॉपेलगेंगर’ हा शब्द रूढ केला. स्वतःसारखाच दुसरा माणूस समोर दिसणे असा त्याचा अर्थ. येथून सारख्या चेहऱ्यांच्या कथेतले हसू ओसरते आणि भीती शिरते. एडगर ॲलन पोच्या ‘विल्यम विल्सन’ (1839) या कथेत नायकाच्या नावाचा, वयाचा आणि रूपाचा एक जण त्याच्या प्रत्येक दुष्कृत्याच्या वेळी हजर होतो आणि कुजबुजत्या आवाजात त्याला अडवतो. तो त्याची सद्सद्विवेकबुद्धी आहे हे वाचकाला हळूहळू उमगते. दस्तयेवस्कीच्या ‘द डबल’ (1846) मध्ये सेंट पीटर्सबर्गमधील गोल्याद्किन या बुजऱ्या कारकुनाच्या कचेरीत त्याच्याच नावाचा आणि चेहऱ्याचा दुसरा कारकून येतो. हा दुसरा धीट आहे, गोड बोलणारा आहे, आणि पहिल्याची जागा बघता बघता बळकावतो. कचेरीतल्या कोणालाही या साम्याचे फारसे नवल वाटत नाही, आणि हीच गोष्ट सर्वांत भयंकर आहे.

रंगभूमीवर साम्य डोळ्यांना पटवावे लागते, छापील पानावर मात्र वाचकाला निवेदकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. व्लादिमिर नाबोकोवने ‘डिस्पेअर’ या 1930 च्या दशकातील रशियन कादंबरीत हाच विश्वास मोडला. हरमन नावाच्या निवेदकाला एक भटक्या आपली हुबेहूब प्रतिमा वाटतो. तो त्याला आपले कपडे घालून ठार करतो, म्हणजे आपण मेलो असे जगाला वाटेल. पण पोलिसांच्या मनात साम्याचा विचारसुद्धा येत नाही, कारण ते साम्य हरमनखेरीज कोणालाच दिसत नव्हते. दुसऱ्याला नीट न पाहता त्याच्यात फक्त स्वतःलाच पाहणारा माणूस येथे खुनी ठरतो.

ठसा, साक्षीदार आणि रहस्यकथा

फ्रान्सिस गाल्टनचे बोटांच्या ठशांवरील पुस्तक 1892 मध्ये आले आणि दोनच वर्षांनी मार्क ट्वेनने ‘पडनहेड विल्सन’मध्ये ठशांवर कथेचा उलगडा उभा केला. गुलाम स्त्री रॉक्सी आपले गोरे दिसणारे बाळ आणि मालकाचे बाळ पाळण्यात बदलते. वीस वर्षांनी खुनाच्या खटल्यात काचेवर घेऊन ठेवलेले ठसे सत्य सांगतात. वंशावरून माणसाची योग्यता ठरवणाऱ्या समाजात दोन बाळांमधला फरक फक्त कपड्यांचा होता, हे ट्वेनने त्यातून दाखवले. भारतात 1897 मध्ये कलकत्त्याला ठशांचे कार्यालय सुरू झाले आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली ठशांचे वर्गीकरण विकसित केले. जुळ्यांचेही ठसे सारखे नसतात, त्यामुळे सारख्या चेहऱ्यांच्या कथेला येथे कायमचे उत्तर मिळाल्यासारखे वाटले.

प्रत्यक्षात न्यायालये चेहऱ्यावरच विसंबत राहिली. ॲडॉल्फ बेक या माणसाला 1896 मध्ये लंडनमध्ये शिक्षा झाली, कारण फसवल्या गेलेल्या अनेक स्त्रियांनी त्याला ओळखले. खरा गुन्हेगार दुसराच होता. त्याच्या जुन्या तुरुंगनोंदीत सुंता झाल्याचे नमूद होते आणि बेकची सुंता झालेली नव्हती, तरीही 1904 मध्ये बेक पुन्हा दोषी ठरला. खरा माणूस पकडला गेल्यावरच तो सुटला. या अन्यायाने इंग्लंडमध्ये 1907 साली फौजदारी अपील न्यायालय स्थापन होण्यास हातभार लावला. आल्फ्रेड हिचकॉकचा ‘द राँग मॅन’ (1956) अमेरिकेतील अशाच एका खऱ्या चुकीवर आधारलेला आहे. अनेक प्रामाणिक माणसे एकच चूक करू शकतात, ही गोष्ट प्लॉटसच्या प्रेक्षकांना विनोदी वाटली होती. तुरुंगातल्या माणसाच्या वाट्याला ती आली की तिचे वजन कळते.

रहस्यकथेत जुळ्यांचा वापर इतका सोपा आणि सरधोपट झाला की रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडताना दहावा नियम त्यासाठीच ठेवला: वाचकाला आधी सूचना दिल्याशिवाय जुळे भाऊ किंवा तोतये आणू नयेत. टोपीचे पंख प्रेक्षकांना आधीच दाखवणाऱ्या प्लॉटसनेही हा न्याय पाळला होता.

एक नट, दोन माणसे

चित्रपटाने रंगभूमीची एक मोठी अडचण दूर केली: हुबेहूब दिसणाऱ्या दोघांसाठी सारखे दिसणारे दोन नट शोधण्याची गरज उरली नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मध्ये (1917) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि भारतीय चित्रपटातील डबल रोल तेथून मोजला जातो. एका चौकटीत दोघे दाखवायचे असले की कॅमेरा पक्का बसवून भिंगाचा अर्धा भाग झाकत. एका बाजूचे चित्रण झाले की फिल्म मागे गुंडाळून दुसरी बाजू घेत. नटाने मधली अदृश्य रेषा ओलांडायची नसे. पाठमोऱ्या प्रसंगांसाठी त्याच बांध्याचा डुप्लिकेट उभा करत.

‘राम और श्याम’ (1967) आणि ‘सीता और गीता’ (1972) यांत गरीब स्वभावाचा एक आणि धीट एक अशी वाटणी आहे. सोसणारा घरातून जातो, धीट त्याच्या जागी येतो आणि छळणाऱ्यांना वठणीवर आणतो. पूर्वीच्या कथांत दोन माणसांना एकच समजल्यामुळे घोटाळा होई. येथे प्रेक्षकांना दोन माणसांत एकाच माणसाच्या दोन शक्यता दिसतात, आणि दबलेल्याला न्याय मिळाल्याचे समाधान होते. एरिख केस्टनर यांच्या 1949 च्या जर्मन बालकादंबरीतल्या जुळ्या मुली आईवडिलांना पुन्हा एकत्र आणण्यासाठी घरे बदलतात. तिच्यावरून अमेरिकेत ‘द पेरेंट ट्रॅप’ (1961) निघाला आणि हिंदीत ‘दो कलियाँ’ (1968).

एक माणूस, अनेक चेहरे

आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ (1962) हे नाटक या साऱ्या परंपरेची उलटी बाजू दाखवते. एका खऱ्या भामट्याच्या खटल्यावरून स्फुरलेल्या या नाटकात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. ठिकठिकाणी निरनिराळी नावे घेऊन त्याने स्त्रियांशी लग्ने केली आणि माणसांना लुबाडले. साक्षीदार एकामागून एक येतात, त्याला ओळखतात, आणि तो शांतपणे नाकारतो. फिरत्या रंगमंचावर न्यायालय सरकते आणि भूतकाळातील प्रसंग समोर येतात. प्रभाकर पणशीकर त्यात पाच भूमिका करत आणि प्रत्येकीचा पोशाख, चाल, बोली वेगळी असे.

‘द कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये दोन माणसांना एक समजले जात होते. येथे एका माणसाला पाच समजावे असा आरोपीचा आग्रह आहे. त्याच्याकडे भाषा, पोशाख, धर्म, व्यवसाय सारे बदलण्याची हातोटी आहे, म्हणून यांपैकी कोणतीच गोष्ट खूण म्हणून पुरत नाही. खूण उरते ती फसलेल्यांकडे. एकेका साक्षीदाराला त्याचे एकच नाव आणि एकच रूप माहीत आहे, पण सगळ्यांच्या साक्षी एकत्र आल्या की त्या पाच रूपांमागचा एक माणूस उभा राहतो. सुग्रीवाच्या गळ्यातल्या वेलीपासून सुरू झालेला खुणेचा शोध येथे माणसाने दुसऱ्यांशी काय केले यापाशी येऊन थांबतो. चेहरा, नाव आणि वेश बदलता येतो, पण ज्यांच्याशी तो वागला त्यांच्या आठवणी त्याला बदलता येत नाहीत.